असमान खेळाडूंचा डाव

१९६० साली पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात बुद्धिबळाचे ऑलिंपियाड भरले होते. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर मिखाईल ताल खेळत होता. त्याच वर्षी मे महिन्यात बॉट्विनिकला हरवून तो जगज्जेता झाला होता. तेव्हा त्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे. मोहऱ्यांचे बळी देत प्रतिस्पर्ध्याच्या राजावर तुटून पडणे ही त्याची ख्याती. त्याच्यासमोर एका डावात इंग्लंडचा जोनाथन पेनरोझ बसला. पेनरोझ आपल्या देशाचा विजेता होता, पण बुद्धिबळावर पोट भरणारा खेळाडू नव्हता. त्याचा विषय मानसशास्त्र.

पेनरोझ हे नाव विज्ञानाच्या वाचकांना परके नाही. कृष्णविवरांच्या सिद्धांतासाठी २०२० साली नोबेल पारितोषिक मिळालेले रॉजर पेनरोझ हे जोनाथनचे थोरले भाऊ. त्यांच्याहून मोठे ऑलिव्हर हे गणिती भौतिकीतले जाणकार. वडील लायोनेल आनुवंशशास्त्रज्ञ, आणि फावल्या वेळात बुद्धिबळातील कूटप्रश्न रचणारे.

आता डावाकडे वळू. बलवानाशी गाठ पडली की दुबळ्याने मोहऱ्यांची अदलाबदल करीत राहावे आणि बरोबरी पदरात पाडून घ्यावी, असा व्यवहारी सल्ला सर्वत्र दिला जातो. पेनरोझने तो मानला नाही. तो पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. एकोणिसाव्या चालीला त्याने ई पट्टीतले आपले प्यादे ई५ घरावर ढकलले आणि सरळ देऊन टाकले. तालने ते प्याद्यानेच मारले. आता त्याचे प्यादे मारून हिशेब चुकता करणे पेनरोझला शक्य होते. तसे न करता त्याने शेजारचे प्यादे एफ५ वर नेले.

याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. अशा रचनेत काळ्याचा घोडा ई५ या घरावर येऊन बसला की तो सगळ्या पटावर वचक ठेवतो, आणि जी७ वरचा काळा उंट लांबलचक तिरप्या रेषेवरून मारा करतो. पण आता ई५ घरावर तालचेच प्यादे जाऊन बसले होते. घोड्याची जागा गेली आणि उंटाची वाट बंद झाली. उलट पांढऱ्याला आपल्या घोड्यासाठी ई४ हे घर मोकळे मिळाले. पुढच्या पाच-सहा चालींत एफ पट्टी उघडली, पंचविसाव्या चालीला पांढरा वजीर शह देत एफ७ वर उतरला, सव्विसाव्या चालीला घोड्याने त्याला साथ दिली आणि तालचा एक घोडा पडला. मग मधले प्यादे निर्वेधपणे सातव्या रांगेपर्यंत गेले. पांढऱ्याच्या एकोणचाळिसाव्या चालीनंतर जगज्जेत्याने डाव सोडला. १८९९ नंतर इंग्रज खेळाडूने विद्यमान जगज्जेत्याला हरवण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग पेनरोझ तालपेक्षा सरस होता का? असे कोणीच म्हणणार नाही. पेनरोझ स्वतःही म्हणाला नसता. तर मग हा निव्वळ योगायोग का? डाव पटावर मांडून पाहिला तर तसेही वाटत नाही. इतका विचारपूर्वक खेळलेला डाव योगायोगात कसा बसवायचा? आम्हाला या लेखात नेमके हेच तपासायचे आहे. एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा सरस आहे, असे म्हणताना आपण काय म्हणत असतो? आणि एका डावाच्या निकालावरून ते किती कळते?

योगायोग असा, की त्याच १९६० साली अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने खेळाडूंचे बळ मोजण्याची एक नवी पद्धत स्वीकारली. ती सुचवणारे अर्पाद एलो हे मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकी शिकवीत. १९०३ साली हंगेरीत जन्मलेले एलो लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले होते. ते स्वतः चांगले खेळाडू होते. विस्कॉन्सिन राज्याचे विजेतेपद त्यांनी आठ वेळा मिळवले. १९७० साली आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिडेने, त्यांची पद्धत उचलली आणि आज जगभर तीच चालते. या पद्धतीने खेळाडूला जो आकडा मिळतो त्याला सगळे रेटिंगच म्हणतात, आपणही तेच म्हणू. घोटाळा टाळण्यासाठी एक संकेत ठरवू. डाव जिंकला तर १, बरोबरीला अर्धा आणि हरला तर शून्य, यांना आपण ‘गुण’ म्हणू. रेटिंगच्या एककांना ‘अंक’ म्हणू.

एलोंनी प्रश्न भौतिकीच्या माणसाला शोभेल असा मांडला. खेळाडूचे बळ आपल्याला दिसत नाही, दिसतो तो त्या दिवशीचा खेळ. आणि तोच माणूस रोज सारखा खेळत नाही. कधी झोप झालेली नसते, कधी प्रतिस्पर्ध्याने निवडलेली सुरुवात आपल्या सवयीची निघते, कधी अवघड जागी योग्य चाल सुचते तर कधी सुचत नाही. म्हणून एका खेळाडूच्या खेळाची पातळी ही एक संख्या नसून एका सरासरीभोवती पसरलेला संख्यांचा ढीग आहे. प्रयोगशाळेत एकच लांबी शंभर वेळा मोजली की जसा घंटेच्या आकाराचा आलेख मिळतो, तसाच हा ढीग असतो, असे एलोंनी गृहीत धरले. दोन खेळाडूंचे ढीग एकमेकांपासून दूर असतात, पण त्यांच्या कडा एकमेकांत शिरलेल्या असतात. बलवानाचा वाईट दिवस आणि दुबळ्याचा चांगला दिवस एकत्र आले की दुबळा जिंकतो.

हे वर्गात करून पाहता येते. बुद्धिबळ येण्याची गरज नाही. प्रत्येक जोडीला दोन फासे पुरेत. मुलांच्या जोड्या करा. दोघांनीही दोन-दोन फासे टाकायचे आणि बेरीज करायची. मात्र एकाने, म्हणजे ‘बलवानाने’, आपल्या बेरजेत नेहमी २ मिळवायचे. ज्याची संख्या मोठी तो जिंकला, सारखी आली तर बरोबरी. चार फासे एकूण ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १२९६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी ८६१ प्रकारांत बलवान जिंकतो, १२५ प्रकारांत बरोबरी होते आणि ३१० प्रकारांत दुबळा जिंकतो. वरच्या वर्गातल्या मुलांना ही मोजणी कागदावर करायला द्या, तासभर पुरते. खालच्या वर्गाने नुसते फासे टाकून तक्ता भरावा. तीस जोड्यांनी प्रत्येकी दहा डाव खेळले की तीनशे डाव होतात आणि त्यांत दुबळ्याचे विजय सत्तरच्या आसपास येतात.

या खेळात बलवान नेहमीच बलवान असतो. त्याचे २ त्याच्यापासून कोणी काढून घेत नाही. तरी साधारण चार डावांत एकदा तो हरतो. त्या डावातला विजेता त्याच्यापेक्षा सरस ठरत नाही, आणि तो विजय खोटाही नसतो.

आता अंकांकडे येऊ. एलोंनी मोजपट्टी अशी आखली, की दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये २०० अंकांचा फरक असेल तर वरच्याला दर डावाला सरासरी ०.७६ गुण मिळावेत. म्हणजे शंभर डावांत ७६ गुण त्याचे, २४ खालच्याचे. इतर फरकांसाठी दुबळ्याचे अपेक्षित गुण काढण्याची कृती सोपी आहे. फरकाला ४०० ने भागा. जो भागाकार येईल तितका १० चा घात घ्या. त्यात १ मिळवा. १ ला या संख्येने भागा. फरक ४०० असेल तर १० चा पहिला घात १०, त्यात १ मिळवून ११, आणि उत्तर एक-अकरांश, म्हणजे सुमारे ०.०९. फरक शून्य असेल तर १० चा शून्य घात १, उत्तर एक-द्वितीयांश. फरक १०० असेल तर उत्तर ०.३६ येते, ३०० असेल तर ०.१५. आपल्या फाशांच्या खेळात बलवानाला दर डावाला सरासरी ०.७१ गुण मिळतात. उलट्या दिशेने हिशेब केला तर तो फरक सुमारे १६० अंकांचा भरतो. (फिडेचे कोष्टक घंटेच्या आकाराच्या वक्रावरून तयार केले आहे, आपली कृती थोड्या वेगळ्या वक्राची आहे. नेहमीच्या फरकांत दोघांची उत्तरे जवळजवळ सारखी येतात.)

इथे एक काळजी घ्यायला हवी. ०.२४ हे अपेक्षित गुण आहेत, जिंकण्याची शक्यता नव्हे. बुद्धिबळात बरोबऱ्या पुष्कळ होतात. शंभर डावांत बलवानाचे ६० विजय, ३२ बरोबऱ्या आणि ८ पराभव झाले तरी त्याचे गुण ६० अधिक १६, म्हणजे ७६ च होतात. म्हणून २०० अंकांनी खाली असलेला खेळाडू चार डावांत एक जिंकेल, असे समजू नये. त्याच्या २४ गुणांतले बरेचसे अर्ध्या-अर्ध्याने जमा झालेले असतात.

हेच आकडे घेऊन ताल आणि पेनरोझ यांच्याकडे परत जाऊ. १९६० साली आंतरराष्ट्रीय रेटिंग नव्हते, तेव्हा त्यांच्यातला फरक हिशेबापुरता २०० अंकांचा धरू. एका डावात पेनरोझ जिंकण्याची शक्यता वरच्या उदाहरणाप्रमाणे शंभरात ८. हे काही दुर्मीळ म्हणता येणार नाही. जगज्जेता असे बारा-तेरा डाव खेळला की त्यातला एखादा तो हरायचाच. पण समजा, त्या काळच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यासारखा दोघांत चोवीस डावांचा सामना झाला असता. तालचे सरासरी सव्वाअठरा गुण झाले असते, आणि त्यात मागेपुढे साधारण दीड गुणाची हेलकावणी. पेनरोझने निम्मे म्हणजे बारा गुण गाठण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी भरते. खेळाडू तेच, फरक तोच. एका डावात दुबळ्याला वाव असतो, चोवीस डावांत तो जवळजवळ उरत नाही.

याची दुसरी बाजू शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. साधारण बरोबरीच्या खेळाडूंत एका डावाच्या निकालाची हेलकावणी सुमारे ०.४ गुणांची असते. सहा डावांची सरासरी घेतली तर ती ०.४ भागिले सहाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.१६ होते. अंकांच्या भाषेत सांगायचे तर सहा फेऱ्यांच्या शालेय स्पर्धेवरून ठरवलेल्या रेटिंगमध्ये अधिक-उणे ११० अंकांची अनिश्चितता राहते. पंचवीस डावांनंतर ती ५५ वर येते आणि शंभर डावांनंतर २८ वर. अनिश्चितता निम्मी करायची तर डाव चौपट करावे लागतात, हा सांख्यिकीचा जुना नियम. म्हणून सहा फेऱ्यांच्या स्पर्धेतला पहिला आणि चौथा यांच्यात खरोखर फरक असतोच असे नाही. वार्षिक परीक्षेची एक प्रश्नपत्रिका म्हणजे किती डाव, याचा विचार आम्ही वाचकांवर सोपवतो. एलो स्वतः या मोजमापाची तुलना अशा माणसाशी करीत, की जो पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या मोजपट्टीने मोजतो आहे. तरीही मोजमाप करता येते, पण पुष्कळ वेळा करावे लागते.

लहान सामने दुबळ्याचे मित्र असतात, याचे अलीकडचे उदाहरण आपल्या घरचे आहे. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. शंभराहून अधिक खेळाडू, आणि हरला तो बाहेर अशी पद्धत. प्रत्येक लढत नेहमीच्या वेळेच्या फक्त दोन डावांची. बरोबरी झाली तर जलद डाव. नागपूरच्या दिव्या देशमुखला या स्पर्धेत पंधरावे मानांकन होते. तिने शेवटच्या चार लढतींत चीनची झू जिनेर, आपली हरिका द्रोणवल्ली, चीनची तान झोंगयी आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी यांना हरवले. चौघीही रेटिंगने तिच्या वर. हंपी सुमारे ८० अंकांनी वर होती. आपल्या कृतीने दिव्याचे अपेक्षित गुण दर डावाला ०.३९ येतात, म्हणजे दोन डावांत पाऊण गुणाच्या जरा वर. तिने दोन्ही डाव बरोबरीत सोडवून एक गुण मिळवला आणि जलद डावांत दीड विरुद्ध अर्धा अशी जिंकली. या विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही थेट मिळाला.

हिशेबाच्या सोयीसाठी अशा प्रत्येक लढतीत तिची जिंकण्याची शक्यता शंभरात ४० धरू. लागोपाठ चार जिंकण्याची शक्यता ०.४ चा चौथा घात, म्हणजे ०.०२५६, चाळिसात एक. वर्तमानपत्रांना चमत्कार वाटावा असाच आकडा. पण स्पर्धेत अशा प्रकारच्या दहा खेळाडू असतील, तर त्यांच्यापैकी कोणीतरी विजेती होण्याची शक्यता शंभरात पंचवीस होते. ‘दिव्याच जिंकेल’ आणि ‘वरच्या मानांकनाबाहेरची कोणीतरी जिंकेल’ ही दोन वेगळी विधाने आहेत. मुलांना संभाव्यता शिकवताना इथेच गफलत होते. शिवाय आपल्या हिशेबाने एक गोष्ट मुकाट्याने धरून चालली आहे, की दिव्याचे रेटिंग तिचे खरे बळ दाखवत होते. एकोणीस वर्षांच्या, वेगाने सुधारणाऱ्या खेळाडूबाबत असे धरणे धोक्याचे. का, ते पाहण्यासाठी रेटिंग बदलते कसे ते समजून घ्यावे लागेल.

प्रत्येक डावानंतर मिळालेल्या गुणांतून अपेक्षित गुण वजा करतात आणि उरलेल्याला एका गुणकाने गुणतात. जे येईल ते जुन्या रेटिंगमध्ये मिळवतात. फिडेच्या नियमांत हा गुणक सर्वसाधारण प्रौढ खेळाडूसाठी २० आहे. एकदा २४०० गाठलेल्यांसाठी तो १०, आणि नवखे व अठरा वर्षांखालची मुले यांच्यासाठी ४० (मुलांना २३०० च्या खाली असेपर्यंत). समजा १६०० चा खेळाडू १८०० च्या खेळाडूशी खेळला आणि दोघांचा गुणक २० आहे. खालच्याचे अपेक्षित गुण ०.२४. तो जिंकला तर त्याला ०.७६ × २० म्हणजे १५.२ अंक मिळतात. बरोबरी झाली तर ५.२ मिळतात. हरला तर ४.८ जातात. वरच्याच्या बाबतीत हेच उलट. बरोबरी झाली तरी वरच्याचे अंक कमी होतात, हे पालकांना समजावून सांगणे फार अवघड असते, असा आमचा अनुभव आहे.

या व्यवहारात एक सुंदर न्याय आहे. दोघांचे रेटिंग खरे असेल, तर पुष्कळ डाव खेळून कोणाचेच काही वाढत नाही की घटत नाही. मिळालेले अंक आणि गेलेले अंक एकमेकांना फेडतात. रेटिंग सरकत राहते ते फक्त चुकीचे असेल तेव्हा. प्रत्येक डावाआधी ते एक भाकीत करते, आणि भाकीत जितके चुकते तितकी त्याची दुरुस्ती होते. फार मोठ्या फरकाचा मात्र हिशेब वेगळा. फिडे ४०० हून अधिक फरक ४०० च मानत आली आहे, त्यामुळे अतिबलवानाला कितीही कच्च्या खेळाडूला हरवून थोडेतरी अंक मिळत राहतात. २६५० व त्यावरच्या खेळाडूंना ही सवलत ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे.

पण दुरुस्तीला वेळ लागतो, आणि मूल वेळेसाठी थांबत नाही. बारा वर्षांची एक मुलगी घ्या. तिचे रेटिंग १६००, पण गेल्या सहा महिन्यांत तिचा खेळ १८०० च्या तोडीचा झाला आहे. समोर १८०० चे एक गृहस्थ, वीस वर्षे स्पर्धा खेळणारे. कागदावर हा असमानांचा डाव. पटावर मात्र बरोबरीचा. कोष्टक म्हणते गृहस्थांनी ०.७६ मिळवावेत, त्यांना प्रत्यक्षात सरासरी ०.५ मिळणार. दर डावाला ०.२६ × २०, म्हणजे ५.२ अंकांचा तोटा. नऊ फेऱ्यांत अशी पाच मुले भेटली की २६ अंक गेले, आणि यात त्यांचा खेळ तसूभरही बिघडलेला नाही. खुल्या स्पर्धांत प्रौढ खेळाडू मुलांशी गाठ पडल्यावर कपाळाला हात लावतात ते याच कारणाने. मुलांचा गुणक ४० ठेवला आहे तो हा उशीर कमी करण्यासाठीच.

२०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे स्पर्धा बंद होत्या. मुले घरात बसून संगणकावर खेळत राहिली, शिकत राहिली. त्यांचे रेटिंग होते तिथेच थांबले. स्पर्धा सुरू झाल्यावर या मुलांनी वरच्यांचे अंक ओढायला सुरुवात केली आणि खालच्या पातळीवर सगळी मोजपट्टीच आक्रसली. अखेर मार्च २०२४ मध्ये फिडेने एक सरसकट दुरुस्ती केली. २००० च्या खाली असलेल्या प्रत्येकाला, २००० पासून तो जितका दूर होता त्याच्या ४० टक्के अंक दिले. १४०० चा खेळाडू रातोरात १६४० झाला, १००० चा १४०० झाला. त्या रात्री कोणाचाही खेळ सुधारला नव्हता. तापमापीवरच्या खुणा पुन्हा आखल्या, इतकेच.

यावरून रेटिंगचा आणखी एक स्वभाव दिसतो. ते सेंटिमीटरसारखे नाही. त्याला कुठेही ठेवलेला प्रमाण दांडा नाही. ते फक्त एकमेकांशी खेळणाऱ्या माणसांमधले अंतर सांगते. जो गट बाकीच्यांपासून तुटलेला आहे, त्याच्या आकड्यांची बाहेरच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात क्लॉड ब्लडगुड नावाचा एक कैदी होता. तुरुंगात तो सहकैद्यांबरोबर महासंघाच्या नोंदणीचे डाव खेळत असे. बाहेरचा कोणी खेळायला येत नव्हता. नवे कैदी येत, आपसात खेळून अंक मिळवत आणि ब्लडगुडशी हरून ते त्याच्या पदरात टाकत. १९९६ साली त्याचे रेटिंग २७५९ झाले आणि देशाच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर आला. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि निष्कर्ष हास्यास्पद. संगणकांच्या रेटिंगबद्दलही हेच. ते एकमेकांशीच खेळून ठरलेले असते, त्यामुळे माणसांच्या यादीशेजारी ठेवून वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

ज्या शाळांत बुद्धिबळ खेळले जाते तिथे हा सगळा प्रकार वर्षभर चालवून पाहता येईल. वही आणि साधा गणकयंत्र पुरते. सगळ्यांना सुरुवातीला १००० अंक द्या, गुणक ३२ ठेवा, प्रत्येक डावानंतर दोघांचे अंक बदला. एकाने मिळवलेले तेवढेच दुसऱ्याने गमावलेले असतील याची खात्री मुलांनीच करावी. प्रत्येकाचे वीस डाव होईपर्यंत यादी भिंतीवर लावू नये. त्याआधी ती निव्वळ हेलकावणी असते. वर्षअखेरीस वर्गाची सरासरी काढायला सांगा. ती १००० च येईल, सगळा वर्ग दुपटीने चांगला खेळू लागला असला तरी. मुले यावर नक्की वाद घालतील; घालू द्यावा.

शेजारच्या गावातल्या शाळेनेही असेच केले तर तिचीही सरासरी १००० च राहील. दोन शाळांपैकी कोणती वरचढ, हे दोन्ही वह्या शेजारी ठेवून कळणार नाही. त्यासाठी दोन्हीकडची चार-पाच मुले एका शनिवारी एकत्र आणून त्यांचे वीसएक डाव लावावे लागतील. एका शाळेची मुले खरोखर सरस असतील तर ती अंक घेऊन घरी जातील, आणि पुढच्या काही आठवड्यांत आपल्या मित्रांशी खेळताना ते अंक हळूहळू साऱ्या शाळेत वाटले जातील.